दिवा घालवायचा रेट

टायर फुटला असं म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ऐकणारा हळहळतो, सांगणारा हात वर करतो आणि दोष दैवाच्या खात्यावर जमा होतो. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाने हे खातं बंद केलं. अपघात 2010 सालचा होता. पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या मोटारीचा टायर फुटला, गाडी दरीत गेली आणि आतल्या एका माणसाचा जीव गेला. भरपाईच्या आदेशाविरुद्ध विमा कंपनी अपिलात गेली. टायर फुटणं ही देवाची करणी, त्यात माणसाचा हलगर्जीपणा कुठला, असं तिचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते फेटाळलं. वेग, कमी हवा, जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी टायर फुटण्याची कारणं असतात, आणि गाडी काढण्यापूर्वी टायर तपासणं हे मालकाचं किंवा चालकाचं काम आहे, असा निकालाचा आशय होता.

त्याच वर्षी 1 जुलैच्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटून 25 माणसं गेली. चालक म्हणाला, टायर फुटला. आरटीओच्या अहवालात तसा पुरावा सापडला नसल्याचं आलं.

या दोन्ही बातम्या वाचताना मी मान डोलावली होती. लोकांना जबाबदारी म्हणून नको असते, असंही घरात म्हणालो असेन. माझ्या स्वतःच्या गाडीत त्याच दिवसांत एक पिवळा दिवा रोज लागत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

गाडी दोन सीटांची, बुटकी, 2009 साली युरोपात बनलेली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. चार पैसे गाठीला लागले तेव्हा पुण्यातून ही सेकंडहँड उचलली. सोलापुरात असली गाडी चालवण्यात मोठेपणा काही नाही. गतिरोधक आला की तिला तिरकी काढावी लागते आणि मागचा रिक्षावाला शिव्या घालतो. रविवारी सकाळी पुणे रोडने मोहोळपर्यंत जायचं, पोहे-चहा घ्यायचा, ऊन चढायच्या आत परत यायचं, एवढाच तिचा संसार. बायको तिला 'तुमची शोभेची' म्हणते. मी ऐकून घेतो, कारण ते खरं आहे.

तर तो दिवा. उभ्या कापलेल्या टायरचं चित्र आणि त्यात उद्गारचिन्ह; नवख्या माणसाला ते पातेलं वाटतं. तो सरळ लागून राहिला तर कुठल्या तरी चाकात हवा कमी आहे. पण गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग लागून राहिला तर अर्थ वेगळा: हवेची खबर देणारा सेन्सरच बोलेनासा झालाय. हवा बरोबर असेल, नसेल, गाडीला काही कळत नाही. माझा दिवा लुकलुकणारा होता. तेवढ्या मिनिटात मी गेटमधून बाहेर पडून डावीकडे वळलेलो असायचो. हळूहळू डोळ्यांना सवय झाली. वेगाचा काटा दिसायचा, पेट्रोलचा दिसायचा, आणि दोन्हींच्या मधला पेटलेला दिवा दिसायचा नाही. माणसाची नजर इतकी आज्ञाधारक असते, हे मला या वयात कळलं.

एकदा भाचा आला. मित्राच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं. "मामा, गाडी देता का?" म्हणाला. मी चावी दिली, क्लच कसा आहे ते सांगितलं, पेट्रोल कुठलं भरायचं ते सांगितलं, आणि म्हणालो, "तो पिवळा दिवा लागेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. तो असाच लागतो." भाचा हो म्हणाला. तो सुखरूप गेला, सुखरूप आला, काहीही झालं नाही. पण ते वाक्य माझ्या कानात राहिलं. स्वतः न बघणं एक वेळ माझ्या जिवाचा प्रश्न होता. पंचवीस वर्षांच्या पोराला अडीचशे किलोमीटरच्या रस्त्यावर पाठवताना 'बघू नकोस' असं मी शिकवलं होतं, तेही मामाच्या अधिकाराने.

म्हणून एकदाचा टायरच्या दुकानात गेलो. कारागिराने कॉम्प्युटर लावला, चार चाकांपाशी यंत्र धरलं आणि सांगितलं, तीन सेन्सर मेलेत, चौथा मरायला टेकलाय. मग म्हणाला, "दिवा घालवायचा आसंल तर रेट येगळा, सेन्सर टाकायचे आसतील तर येगळा."

मी आधी दिवा घालवायचा रेट विचारला.

इथे मला थोडं थांबायला हवं. पैसे नव्हते असं नाही. त्याच वर्षी गाडीला चकाकीचं कोटिंग करून घेतलं होतं, आणि त्याचं बिल चार सेन्सरांच्या बिलापेक्षा मोठं होतं. रंगावरची चकाकी लोकांना दिसते. चाकाच्या आत बसलेला तीसेक ग्रॅमचा तुकडा कुणाला दिसत नाही, मलाही नाही. त्या कारागिराने माझ्यासमोर दोन कामं ठेवली, आणि मला त्यांतलं कुठलं हवं होतं ते माझ्या तोंडून आपसूक निघालं. हवा कळावी म्हणून मी गेलो नव्हतो. पेटलेला दिवा गेला की भाच्याला पुन्हा ते वाक्य सांगावं लागणार नाही, म्हणून गेलो होतो.

दिवा घालवण्याचा धंदा फक्त सोलापुरात चालतो असं समजू नये. इथे गाडीच्या मेंदूत फेरफार करून 'तुझ्यात ही यंत्रणा नाहीच' असं तिला पटवतात. परदेशात हौशी लोकांनी याहून भारी युक्ती काढली. प्लॅस्टिकच्या जाड पाइपाचा एक तुकडा घ्यायचा, चारही सेन्सर त्यात टाकायचे, दोन्ही तोंडं बंद करून एका वॉल्व्हमधून आत बरोबर हवा भरायची आणि ती नळी डिकीत ठेवून द्यायची. काही गाड्यांत हे चालतं. बाहेर चाकं काहीही करोत, नळीत कायम सगळं ठीक असतं आणि दिवा लागत नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. मग आमच्या कारखान्यातली लाल नळकांडी आठवली. आग विझवायच्या सिलिंडरवरही दाबाचा काटा असतो, हिरव्या पट्ट्यात असला तर ठीक. 2025 च्या मे महिन्यात आमच्याच एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी आपापल्या नळकांड्यांचे काटे पाहिले. त्याआधी मी ते कधी पाहिले होते, आठवत नाही. तपासणीची चिठ्ठी मात्र प्रत्येकावर चिकटवलेली होती.

कारागिराला मी शेवटी सेन्सरच टाकायला सांगितले. पुढे स्वस्ताईचा प्रश्न आला. तो लाजिरवाणा नाही, त्यामुळे सविस्तर सांगतो. अशा जुन्या गाड्या घेऊन बसलेले आणखीही लोक आहेत.

सेन्सर मरतो म्हणजे बहुतेक वेळा त्यातली बॅटरी संपते. साधारण सात ते दहा वर्षं ती टिकते, आणि सोलापूरचं ऊन तिच्यावर माया करत नाही. बॅटरी आत ओतून घट्ट केलेल्या लुकणात पक्की बसवलेली असते, कारण चाकात पाणी, धूळ, हादरे सगळं असतं. काही जण लुकण कोरून नवी बॅटरी डाग देऊन बसवतात. मोबाइल दुरुस्तीवाल्याने मलाही 'करून बघू' म्हटलं होतं. मी नाही म्हणालो. चाक मिनिटाला हजारभर फेरे घेतं तेव्हा आतल्या त्या तुकड्यावर येणारा जोर बघता, हाताने भरलेलं लुकण किती दिवस तग धरेल याचा भरवसा नाही. चारपैकी एक जरी सहा महिन्यांत गेला तरी टायर पुन्हा उतरवावा लागतो, आणि वाचवलेले पैसे त्या मजुरीत जातात.

कंपनीचे अस्सल सेन्सर मागवायचे म्हटले तर एकेकाच्या किमतीत साध्या गाडीचा बरा टायर येईल. मधला रस्ता आहे तो कोऱ्या सेन्सरांचा. हे बाजारात वेगवेगळ्या कंपन्यांचे मिळतात, आणि टायरवाल्याकडच्या यंत्राने त्यांत हव्या त्या गाडीची भाषा भरता येते. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडी फक्त आपल्या चार ओळखीच्या क्रमांकांचं ऐकते. जुन्याचाच क्रमांक नव्यात उतरवला तर गाडीला बदल झाल्याचं कळतसुद्धा नाही, आणि ओळख करून द्यायला मोठ्या शहरातल्या शोरूमपर्यंत जावं लागत नाही. मेलेल्या सेन्सरचा क्रमांक हवेतून वाचता येत नाही. तो गाडीच्या मेंदूतून काढता येतो, नाहीतर सेन्सरच्या पाठीवर छापलेला असतो. एक मेख मात्र आहे. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या गाड्या साधारण 433 मेगाहर्ट्झवर ऐकतात, अमेरिकेतल्या पुष्कळशा 315 वर. इंटरनेटवर स्वस्तात दिसलेला सेन्सर 315 चा निघाला तर तो चाकात बसून जन्मभर बडबडेल आणि गाडीला एक अक्षर ऐकू येणार नाही.

वॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे बाहेरचे सेन्सरही मिळतात, त्यांच्यासोबत छोटा पडदा येतो. सगळ्यात स्वस्त तेच. साध्या गाडीला ते वाईट नाहीत. पण त्यांनी वॉल्व्हची पिन दाबून उघडी धरलेली असते, म्हणजे हवा अडवायचं काम त्या टोपणाच्या रबरी वायसरवर येतं, आणि रबरी वॉल्व्हच्या टोकावर वजन वाढतं. वेगात जाणाऱ्या गाडीला मला ते पटलं नाही. कोऱ्या सेन्सरांवर थांबलो.

टायर उतरवताना मी शेजारी उभा होतो. कारागीर नवखा नव्हता. रिमपासून टायरची कड सोडवणारं यंत्राचं पातं त्याने वॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला लावलं. वॉल्व्हपाशी लावलं असतं तर सेन्सरचा चुरा झाला असता. जुन्या सेन्सरचा नट सुटेना. अॅल्युमिनियमच्या नळीत कुणी तरी पितळेची साधी पिन घातली होती, आणि दोन धातू वर्षानुवर्षं पावसाच्या पाण्यात एकत्र राहून एकजीव झाले होते. पकडीने धरल्यावर नळी पापडासारखी मोडली नाही एवढंच. नव्याला त्याने नवं रबर, नवा नट, निकेलचा मुलामा दिलेली पिन घातली, आणि नट आवळताना हात राखून आवळला.

आणि तो सहज म्हणाला, "साहेब, टायर बी म्हातारे झालेत की."

टायरच्या बगलेवर चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या मागच्या टायरांवर शेवटचे दोन आकडे 15 होते. गाडी कमी चालते, त्यामुळे नक्षी जागच्या जागी. कायद्याने मोटारीला लागते ती किमान 1.6 मिलिमीटरची खोली, माझी त्याच्या कितीतरी वर. पण कारागिराने अंगठ्याने बगल दाबून धरली तेव्हा नक्षीच्या मुळाशी केसासारख्या भेगा उघडल्या. रबर चालून झिजतं तसं नुसतं उभं राहूनही वाळतं. दर रविवारी मी त्याच टायरांना काळं पॉलिश मारत होतो. भेगांवर ते छान बसत होतं.

म्हणजे सेन्सर अगदी ठणठणीत असते तरी त्यांनी मला हे सांगितलं नसतं. त्यांना दाब कळतो, आतलं तापमान कळतं. रबराचं वय कळत नाही. शिवाय दाबाची खबरही ते उशिरा देतात. ही यंत्रणा पहिल्यांदा सक्तीची केली ती अमेरिकेने, आणि त्यामागे मोठी जीवितहानी आहे. 2000 साली फायरस्टोन कंपनीला फोर्ड एक्सप्लोरर आणि तिच्या जातीच्या गाड्यांवरचे लाखो टायर परत मागवावे लागले. टायरची नक्षी सोलून निघत होती, गाड्या उलटत होत्या, दोनशेच्या वर माणसं गेली. टेक्सास, फ्लोरिडा, अॅरिझोना अशा गरम राज्यांत हे जास्त झालं. फोर्डने त्या गाडीला हवा 26 पीएसआय सुचवली होती, म्हणजे बेताची. टायर कंपनी हवेकडे बोट दाखवत होती, गाडी कंपनी टायरकडे. त्याच वर्षी तिकडे कायदा झाला आणि 2007 च्या सप्टेंबरपासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा आला. पण ठरवलेली मर्यादा अशी, की हवा सांगितल्यापेक्षा 25 टक्के कमी झाली की दिवा लागला पाहिजे. 33 पाहिजे असेल तर 25 च्या खाली. आपल्याकडे 2020 साली नियम बदलले, त्यात सक्ती केली नाही. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ही यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, एवढंच म्हटलं. माझ्या गाडीत तशीही स्टेपनी नाही. बाटलीतला डिंक आहे, आणि तो एकदा टायरमध्ये सोडला की सेन्सरचं नाकही चोंदू शकतं.

गरम राज्यांवरून आठवलं. आमच्याकडे घरोघरी एक शहाणपण आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. माझे वडील हेच सांगायचे आणि मीही बरीच वर्षं पुढे सांगत आलो. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण 1 पीएसआय वाढतो, हे खरं आहे. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे 16 अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी 43. नुसत्या ऋतूने जवळजवळ 5 पीएसआयचा फरक पडतो. पण टायर ती वाढ धरूनच बनवलेला असतो. हवा कमी केली तर बगल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते, तापून आतल्या थरांची पकड सुटते, आणि मग तो फुटतो. फुटल्यावर आपण म्हणतो, बघा, ऊन किती आहे. उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. सकाळी, गाडी काढायच्या आधी, थंड टायरची हवा हातातल्या गेजने मोजायची आणि दाराच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याशी ताडायची. माझ्या गाडीला पुढे कमी, मागे जास्त असते. हे मला माहीत होतं. गेज हातमोजे ठेवायच्या कप्प्यात होतं.

चारही टायर नवे मागवले आणि सेन्सर बसवलेल्या रिमवर तेच चढवले, मजुरी एकदाच लागली. ज्यांना हे काम स्वस्तात करायचंय त्यांनी टायर बदलायची वेळ साधावी. त्याहून मोठी बचत यात नाही. दिवा आता लुकलुकत नाही.

हे सगळं उरकून मी घरी हिशेब लिहीत बसलो, आणि त्या वहीत एका ओळीवर अडकलो.

कारखान्याचा टेम्पो आहे, सहा चाकांचा. आठवड्यातून निदान एकदा गाठी घेऊन हैदराबादला किंवा पुण्याला जातो. ज्या रस्त्यावर मी रविवारी सकाळी पोहे खायला जातो, त्याच रस्त्यावर तो रात्री भरलेला असतो. त्याचे टायर मी रिमोल्ड वापरतो. रिमोल्डला उगाच नावं ठेवू नयेत. खोडाचा टायर चांगला असेल, काम नीट केलेलं असेल तर तो चालतो. विमानांचे टायरही पुन्हा रबर चढवून वापरतात. पण आमच्या टेम्पोचे टायर कितव्यांदा रबर चढवलेले आहेत, हे मला सांगता आलं नाही. वहीत फक्त रक्कम होती, आणि ती मी दरवेळी घासाघीस करून कमी करत आणली होती.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर मामांना विचारलं, हवा कशी बघता? ते वडिलांच्या वेळेपासून आहेत. त्यांनी सीटखालून टॉमी काढली आणि एकेक चाक ठोकत गेले. "हवा हाय की बरोबर, मालक. आवाज आला न्हवं." आवाजावरून मला काही कळलं नाही, त्यांना कळत असेल. पण मागे जोडीने दोन-दोन चाकं असतात, आणि त्यातली आतली जागा वाईट. आतला टायर बसला तरी बाहेरचा त्याचं ओझं गुपचूप उचलतो, गाडी तिरकी होत नाही, काही जाणवत नाही. दुप्पट ओझ्याने तो बाहेरचा तापत जातो. मी गेज आणलं, जमिनीवर वाकून आतल्या चाकाच्या वॉल्व्हपर्यंत हात घातला. डावीकडच्या आतल्या चाकात बाहेरच्याच्या निम्मीसुद्धा हवा नव्हती. मामा म्हणाले, तो वॉल्व्ह पंपावरच्या पोरांच्या हाताला लागत नाही, म्हणून ती पोरं बाहेरचाच भरतात. लांब नळीचा वॉल्व्ह बसवला की हात पोचतो. किंमत एका जेवणाएवढी.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत जातात, दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, टायर गुळगुळीत. त्यांच्या मागे अडकलो की मी हॉर्न वाजवून म्हणतो, यांना कुणाच्या जिवाची पर्वा आहे का? आषाढात शेगावची पालखी आमच्या गावातून तिऱ्ह्यावरून मंगळवेढ्याकडे जाते, वारकरी रस्त्याच्या कडेने चालत असतात, तेव्हाही भरधाव वाहनांवर आम्ही सगळे बोलतो. माझा टेम्पो त्याच दिवसांत त्याच जिल्ह्यातल्या रस्त्यांवर असतो, आणि त्याच्या दारावर माझ्या कारखान्याचं नाव रंगवलेलं आहे. टायर फुटला तर मीही हात वर केले असते. उच्च न्यायालयाचा निकाल मला पाठ होता, तरीही केले असते, कारण चाकाशी मी नसतो, मामा असतात.

मी स्वतःला विचारून पाहिलं, की मला या दोन गाड्यांत फरक करायला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मोटारीच्या टायरात माझा जीव बसतो, टेम्पोच्या टायरात माझा खर्च. हे इतकं उघड आहे की वहीतही दोन वेगवेगळ्या पानांवर लिहिलेलं होतं, एक घरखर्चाच्या, दुसरं धंद्याच्या. 'परवडत नाही' हा शब्द मी धंद्याच्या पानावर वापरतो, घराच्या पानावर नाही. आणि घराच्या पानावरही आधी दिवा घालवायचाच रेट विचारला होता.

टेम्पोला आता गेज आहे, लांब वॉल्व्ह आहेत, पुढचे दोन टायर नवे आहेत. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही, म्हणून आधी पुढचे, असं मी मामांना समजावलं, आणि ते बरोबरही आहे. मोटारीचे चारही एकाच दिवशी बदलले होते. टेम्पोचे मागचे चार दिवाळीचा माल निघून गेल्यावर, असं सांगितलंय. मामा "बरं मालक" म्हणाले. मी लगेच हैदराबादच्या गाठींचं विचारलं.